दादाचे डोळे

माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठा. तेवढ्याशा फरकापायी मला जन्मभर त्याला दादा म्हणावं लागलं, ही माझी त्याच्याविरुद्धची पहिली तक्रार. भाईंदर गावात खाडीच्या अंगाला आमची दोन घरं पाठीला पाठ लावून उभी होती आणि मध्ये एकच कुडाची भिंत. त्यांच्याकडे काही गोड शिजलं की वास आमच्याकडे, आणि मला मार बसला की आवाज त्यांच्याकडे. दादा उंच होता, गोरा होता, मोठ्याने हसायचा, आणि कुठेही गेला तरी लोक त्याला आधी बसायला द्यायचे. हे सगळं मी सोसलं असतं. त्याचे डोळे मात्र मला कधी सोसवले नाहीत.

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट, आम्ही दोघंही अजून अर्ध्या चड्डीत होतो. उन्हाळा लागण्याआधी घरातली मोठी माणसं सरपणासाठी चेण्याच्या रानात जायची, आम्ही मागे. तिथे वेलींवर गुंजा वाळून फुटलेल्या असत. दादा नुसता चालता चालता हात घालायचा आणि मूठ भरून बाहेर काढायचा. मी त्याच वेलीपाशी, त्याच शेंगांपाशी, डोळे फाडून बघत बसायचो आणि मला पानं दिसायची.

"आरं, समोर तर हाय! तांबडी तांबडी!" दादा ओरडायचा.

मी हात लावून चाचपायचो. टणक लागली की गुंज. घरी परतताना त्याचा खिसा भरलेला आणि माझ्या खिशात चार-दोन, त्यातलीही एखादी त्यानेच टाकलेली. ती भीक मी वाटेत फेकून द्यायचो.

आमची दोन्ही घरं मिठागरावर राबणारी. खाडीचं पाणी एका कोंड्यातून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंड्यात आटत आटत येतं, आणि शेवटच्या कोंड्यात ते पिकलं की त्याच्यावर लाली चढते. मग मीठ धरतं. बाप मला बांधावर पिटाळायचा, "जा, बगून ये, लाली आली काय." मी जाऊन बघायचो. पाणी पाण्यासारखं दिसायचं. मी "न्हाय" म्हणून परत यायचो, आणि तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून दादाची आरोळी यायची, "काका, पानी पिकलंय!" मग माझ्या पाठीत धपाटा. बापाला वाटायचं, पोरगं आळशी आहे, अर्ध्या वाटेवरून परत येतं. मला वाटायचं, दादा मुद्दाम माझ्या पाळतीवर असतो. खरं काय ते आमच्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

रंगांची नावं मला येत होती. पान हिरवं, रक्त तांबडं, कुंकू तांबडं, हे मी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. सगळेच असं पाठ करतात, असा माझा समज होता. दादाची पाठांतराची हुशारी माझ्यापेक्षा जास्त, एवढाच त्याचा अर्थ मी लावला, आणि त्यावरूनही जळत राहिलो.

रेल्वेचं वेड मात्र आधी माझं. हे मी आजही शपथेवर सांगेन. संध्याकाळी मी खाडीपुलाच्या अलीकडे रुळांच्या कडेला बसून राहायचो. इंजिन दिसायच्या आधी नुसत्या शिट्टीवरून ते कुठलं आणि किती डब्यांचं ओझं ओढतंय ते सांगायचो. दादा माझ्या मागून आला, माझ्या शेजारी बसला, आणि बघता बघता "आमी दोगं डायवर होनार" असं गावभर सांगू लागला. माझं स्वप्न त्याने उचललं, वर ते मोठ्या आवाजात सांगितलं, म्हणून लोकांना ते त्याचंच वाटलं.

दिवसा सिग्नलचा मला त्रास नव्हता. हात आडवा असला की थांबा, पडला की चला. अंधारलं की त्याच्या काचेमागे दिवा लागायचा. माझा हिशोब सोपा होता: मिणमिणता दिवा तो तांबडा, झळझळीत तो हिरवा. तो हिशोब कधी चुकला नाही. मला वाटायचं, सगळे ड्रायव्हर असंच ओळखतात.

मॅट्रिकपर्यंत दोघंही रखडत पोचलो आणि नापास होऊन घरी बसलो. मग लढाई सुरू झाली आणि रेल्वेला माणसं हवी झाली. आम्ही दोघांनी क्लीनरसाठी अर्ज केला. आधी इंजिन पुसायचं, मग कोळसा टाकणारा फायरमन व्हायचं, मग यार्डात डबे हलवणारा शंटर, आणि शेवटी ड्रायव्हर, अशी ती शिडी. स्टेशनावरच्या एका म्हाताऱ्या सांधेवाल्याने आम्हाला बजावलं, "डाक्टर रंग विचारतो. इंग्रजीत सांगा, साहेब खूश होतो." आम्ही रात्रंदिवस रेड, ग्रीन, येलो घोकलं. माझं पाठांतर दादाच्या वरचढ झालं होतं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा जरा सुखाने झोपलो.

मुंबईत रेल्वेच्या दवाखान्यात आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. दादा जिथे अडखळला त्याच्या खालची ओळ मी घडाघडा वाचली. डॉक्टरने मान हलवली. माझी छाती फुगली.

मग टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतला. डॉक्टरने त्यातली एक फिकट लड माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "इसके जैसा सब निकालो."

नाव विचारलंच नाही. घोकलेलं सगळं फुकट गेलं. मी ढिगातून तिच्याशी जुळणाऱ्या लडी काढून एका बाजूला लावल्या, चांगल्या निवडून, घाई न करता. मला त्या रांगेत काही खोट दिसत नव्हती. मागे उभा असलेला दादा मात्र फिस्सकन हसला. "मस्करी काय करतोस?" तो कानाशी म्हणाला. "हिरव्यात तपकिरी टाकलीस, राखाडी टाकलीस, आन ती गुलाबी कशाला?"

डॉक्टर हसला नाही. त्याने मला काळोख्या खोलीत नेलं. तिथे एका कंदिलाच्या बारक्या भोकातून दिवा दाखवत होते. मिणमिणता तो तांबडा. मी म्हटलं, "रेड." डॉक्टरने काहीतरी फिरवलं. झळझळीत. "ग्रीन." मला धीर आला. मग त्याने आणखी काही सरकवलं आणि मंद दिवा दिसला. "रेड," मी म्हटलं. तो हिरवाच होता. त्याच्यापुढे त्याने काजळलेली काच धरली होती. सिग्नलचा दिवा धुरात, धुक्यात असाच मंद होतो, आणि अशा वेळी माझ्यासारखा माणूस इंजिनावर असला तर काय होईल, ते त्याला बघायचं होतं. ते त्याने बघितलं. बाहेर येऊन त्याने माझ्या कागदावर शिक्का मारला आणि दादाला आत बोलावलं.

दादा पास झाला. काकूने साखर वाटली. आमच्या घरी आणून दिलेली साखर मी अंगणात मुंग्यांना घातली.

आईचं म्हणणं, पोराला कुणाची तरी नजर लागली. तिने लोणी, त्रिफळा, कसकसल्या मुळ्या सगळं माझ्या डोळ्यांवर करून पाहिलं. शेवटी मीच विचारत विचारत गिरगावातल्या एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. तिथले डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे होते, किंचित तिरसट, पण घाई न करणारे. त्यांनी मला ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक दाखवलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला. काही पानांवर मला वेगळाच आकडा दिसला, काहींवर नुसते ठिपके. ते पान उलटत गेले आणि मी आवाज चढवत गेलो.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "तू आंधळा नाहीस, आळशीही नाहीस. तांबडं ओळखणारं एक अंग असतं डोळ्यात, ते तुझ्यात घडलंच नाही."

"औषध?"

"नाही. हा रोग असता तर औषध असतं. ही घडण आहे. वाढायची नाही, कमी व्हायची नाही. आहे तशी शेवटपर्यंत." मग त्यांनी विचारलं, "आईचे वडील काय करायचे?"

होडी चालवायचे, मी सांगितलं. आजोबा नेहमी अर्धकच्चे पेरू आणतात म्हणून आजी भांडायची, ते मला आठवलं आणि मी तेही सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. "आजोबाकडून आईकडे आणि आईकडून तुझ्याकडे. आईला स्वतःला सगळं दिसतं, म्हणून तिला पत्ताच नसतो. तिला दोष देऊ नकोस."

दोष मी दिला नाही. तिला काही सांगितलंच नाही. पण दादाची आई वेगळ्या घरची होती, म्हणून दादा सुटला, हे माझ्या मनात कायमचं रुतलं. नुसता घरचा फरक! त्यात त्याचं कर्तृत्व ते काय?

पुढची वर्षं मी मिठागरावर काढली आणि यथावकाश मुकादम झालो. लालीसाठी बायकामाणसांना विचारायचो, आणि त्यांनी सांगण्याआधी बोट बुडवून, जिभेला लावून अंदाज करायचो. दादा फायरमन झाला. त्याची गाडी भाईंदरवरून जायची तेव्हा तो खास आमच्यासाठी शिट्टी वाजवायला लावायचा. सगळं आगर हात हलवायचं. मी पाठ करून उभा राहायचो आणि फावड्याची धार बघत असल्याचं सोंग करायचो. शिट्टीवरून मात्र मला कळायचं, आज चढ जड गेलाय.

त्याच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने त्याला एक जुना पाईप दिला. काळ्या, उग्र तंबाखूने तो भरून दादा ओट्यावर बसायचा आणि धूर सोडायचा. सोबत खाडीपलीकडून येणारी चोरटी दारू. त्या पाईपाचाही मला हेवा वाटला. मी साधी पुडीतली तंबाखू चघळणारा, आणि हा गावात साहेबासारखा धूर काढतोय. लोक कौतुकाने बघायचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

लढाईत ब्लॅकआऊट आला. दिव्यांवर टोपरी चढली. दादा म्हणू लागला, "सिग्नल लई बारीक झाल्यात." सगळ्यांना ते पटलं. लढाई संपली, टोपरी निघाली, दादा शंटर झाला, तरी त्याची तक्रार चालूच. आता तो म्हणायचा, रॉकेलच भेसळीचं येतंय. मला बरं वाटायचं. साहेबालाही काहीतरी कमी पडतंय म्हणायचं.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. दादा वहिनीवर गरजत होता. "सकालच्या पारी उगड्या कपालानं पुडं येतेस? मी मेलो काय?" वहिनी रडत सांगत होती की आताच कुंकू लावलंय, ओलं आहे अजून. तो पुन्हा, "मना डोळं न्हाईत काय?" "आरं, लावलंय की तिनं कुंकू!" काकू मध्ये पडून ओरडली. कुंकू लावलेल्या बायकोचं कपाळ नवऱ्याला उघडं दिसावं, यापेक्षा मोठा अपशकुन आमच्या वाडीत नव्हता.

मी हातातला चहा खाली ठेवला. अपशकुनाशी मला कर्तव्य नव्हतं. दादाला तांबडं दिसत नव्हतं!

अंधारात बारीक दिवा सरळ बघितला की हरवतो आणि बाजूला बघितला की सापडतो, हे मला रुळांच्या कडेला बसून ठाऊक होतं. दुपारी मी त्याला बांधावर गाठलं. "दादा, वैनी समोर आली की तिच्या कपालाकडं बगू नको. कानाकडं बग."

संध्याकाळी तो धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "कानाकडं बगलं तर कुंकू दिसतंय रं. सरळ बगलं की जातंय. ह्ये काय हाय?" मग हळू आवाजात म्हणाला, रेल्वेची डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. पोटदुखीचं निमित्त काढून तो कधीचा रजेवर बसला होता. त्याआधीही कित्येक दिवस तो जोडीदाराच्या तोंडाकडे बघत होता. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने सांगायचं अशी इंजिनावरची रीत, आणि हा दुसऱ्याचं ऐकून तेच बोलायचा. "तू येवडा जन्म कसा काढलास? तांबडं कसं वळकतोस? मना शिकव."

दादा मला शिकव म्हणत होता! इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हा माणूस आता माझ्या बांधावर येणार, बोट बुडवून पाणी चाखणार, बायकांना लाली विचारणार. मी त्याला काहीएक शिकवलं नाही. म्हटलं, "डाक्टरकडं चल." गाडीत माणसं असतात, हे कारण होतंच. पण माझं खरं कारण वेगळं होतं. जे मला ऐकवलं होतं तेच त्या डॉक्टरांनी त्याला ऐकवावं, आणि ते मी शेजारी उभं राहून ऐकावं.

डॉक्टर आणखी म्हातारे झाले होते, पण त्यांनी मला ओळखलं. दादासमोर त्यांनी लोकर ओतली. त्याने सगळ्या लडी बरोबर लावल्या. माझा विरस झाला. मग डॉक्टरांनी एक लांब टाचणी काढली, तिच्या टोकाला बारीक मणी होता. "माझ्या नाकाकडे बघ, टाचणीकडे नको." त्यांनी टाचणी बाजूने आत आणली. "तांबडा मनी," दादा म्हणाला. ती नाकासमोर आली. "मळकट झाला." पुन्हा बाजूला नेली. "तांबडा." त्यांनी तसंच माझं पाहिलं. मला तो मणी सगळीकडे मळकटच दिसला.

डॉक्टरांनी दादाच्या सदऱ्याचा वास घेतला. "पाईप? आणि दारू?"

दादाने मान खाली घातली.

"त्यानेच झालंय. डोळ्याचा मधला भाग बधिर झालाय, म्हणून लांबचा बारका दिवाच नेमका हरवतो. लोकरीची लड मोठी, ती दिसते. दोन्ही आजपासून बंद. नीट जेव. डोळे सुधारेपर्यंत इंजिनावर पाऊल टाकायचं नाही. मी रेल्वेच्या डॉक्टरांना कळवतो." मग ते सहज म्हणाले, "वेळेवर आलास. परत येईल. बहुतेक सगळं येईल."

परत येईल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आन माझं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी टाचणी पेटीत ठेवली. "तुझं गेलेलं नाही ना रे," ते म्हणाले, "परत यायला."

दादाने पाईप खाडीत टाकला. रेल्वेने त्याला ऑफिसात बसवून कामं दिली, पगार कापला, आणि तो निमूट राहिला. मी रोज वाट बघत होतो की हा घसरेल. माझ्या खिशात तंबाखूची पुडी असायची. ती मी त्याच्यासमोर कधी काढली नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. तो रात्री ओट्यावर येरझारा घालायचा, पण घसरला नाही. दर महिन्याला मला सोबत घेऊन दवाखान्यात जायचा. एकट्याने जायची त्याला भीती वाटायची, आणि मला ते चुकवायचं नव्हतं. टाचणी मळकटच राहिली की परतीच्या वाटेवर मी त्याला चहा पाजायचो.

पावसाळा सरल्यावर एकदा गेलो. डॉक्टरांनी त्याला खिडकीशी उजेडात बसवलं आणि टाचणी बाजूने आत आणली. "तांबडा," दादा म्हणाला. ती नाकासमोर आली. डॉक्टरांनी विचारलं, "आता?" उंचापुरा माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या हुंदके देऊ लागला. त्याने हात पुढे करून टाचणी डॉक्टरांच्या बोटांतून काढून घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

पहिला तांबडा त्याला जन्मतःच मिळाला होता, त्याला तो कळलासुद्धा नव्हता. आता त्याला तो दुसऱ्यांदा मिळत होता, आणि तो काय असतो हे कळून मिळत होता.

मग तो माझ्याकडे वळला. आनंदात त्याला माझं काही आठवलंच नाही. ओल्या डोळ्यांनी त्याने ती टाचणी माझ्या तोंडासमोर धरली. "बग रं, बग! केवडा तांबडा हाय!"

मी बघितलं. मणी पाण्यासारखा, चिखलासारखा, कशासारखाही होता.

"हाय रं दादा," मी म्हटलं, "लई तांबडा हाय."